फक्त

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम टंकणारा माणूस पाहिला की हल्ली लोकांना त्याची दया येते. जग केवढे पुढे गेले, रंगीत चित्रे आली, बोट लावले की काम होते, आणि हा अजून टाइपरायटरवर बसल्यासारखा टकटक करतो आहे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो. संगणकाच्या बाबतीत बटण म्हणजे सुधारणा आणि टंकलेखन म्हणजे मागासलेपणा, अशी वाटणी आपण करून टाकलेली आहे. ज्याच्या पडद्यावर जास्त बटणे, तो जास्त सुधारलेला.

हे मला मुळीच मान्य नाही, आणि आज मी भांडायच्या तयारीने बसलो आहे. ज्यांची मालमत्ता त्या क्लाउड नावाच्या ठिकाणी आहे, त्यांनी ती बटणे दाबून सांभाळू नये, हुकूम लिहून सांभाळावी, असे माझे म्हणणे आहे. त्याला जोडून दुसरे म्हणणे असे की, या लिहिलेल्या हुकमांना, ज्यांना ही मंडळी स्क्रिप्ट म्हणतात, बँकेतल्या साध्या व्हाउचरचे सगळे नियम लावावेत. पहिल्या वाक्याला बटणवाले रागावतात आणि दुसऱ्याला स्क्रिप्टवाले. त्यामुळे माझा दोन घरचा पाहुणा झाला आहे, आणि तो उपाशी असतो हे सर्वांना ठाऊक आहेच.

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या क्लार्कला यात तोंड घालायचे काय कारण? (आता आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. काम तेच आहे, पाटी तेवढी लांब झाली.) तर कारण आहे. बँकेत संगणक यावा की नाही यावर आमच्या आधीच्या पिढीने केवढे तरी रण माजवले होते. डॉ. रंगराजन यांच्या समितीचा पहिला अहवाल १९८४ सालचा, आणि संघटनांशी संगणकीकरणाचा मोठा करार झाला तो १९९३ मध्ये. मधली नऊ वर्षे घोषणा देण्यात गेली. आज त्या लोकांना सगळे हसतात. मीही हसतो. पण मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांच्यातले काही जण अजून खुर्चीवर होते, आणि चहाच्या वेळी ते एक प्रश्न विचारत असत, त्याचे उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलेले नाही. यंत्र नोंद करील हो, पण तिच्याखाली सही कोणाची?

हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी पुतण्याच्या ढगात शिरलो.

क्लाउड म्हणजे ढग, हे नांदगावात कोणाला समजावून सांगायची सोय नाही. आमच्याकडे ढग जूनच्या पहिल्या आठवड्यात देवगडच्या बाजूने येतो आणि येतानाच वीज आणि मोबाईलची रेंज दोन्ही घेऊन जातो. अशा वस्तूत कोणी आपले हिशेब ठेवील, यावर इथल्या जुन्या माणसांचा विश्वास बसत नाही. केंद्र सरकारने तर आपल्या क्लाउडचे नाव ‘मेघराज’ असे ठेवले. ते ज्याने सुचवले त्याने कोकणातला जुलै महिना पाहिलेला नसावा.

वास्तविक हा ढग पूर्णपणे जमिनीवर असतो. गारेगार ठेवलेल्या, जनरेटर सज्ज असलेल्या मोठमोठ्या इमारती आणि आत ओळीने मांडलेले संगणक. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि मुंबईत, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच, असे आपापले ढग थाटले. त्यातला संगणक भाड्याने मिळतो, तोही तासाच्या किंवा अगदी सेकंदाच्या हिशेबाने. लॉजमध्ये खोली घेतल्यासारखेच ते आहे. फरक एवढाच की लॉजचा मॅनेजर दुसऱ्या दिवशी दार ठोठावून ‘साहेब, खोली सोडताय ना?’ असे विचारतो. ढगात कोणी दार ठोठावत नाही. तुम्ही खोली घेतल्याचे विसरलात तर तुमच्या कार्डावरून भाडे निमूटपणे जात राहते, आणि मालकाची त्याबद्दल काहीही तक्रार नसते.

माझा पुतण्या २०२०च्या टाळेबंदीत पुण्याहून नांदगावला आला आणि इथेच राहिला. हायवेवरच्या आमच्या तिठ्यावरून जो रस्ता देवगडला जातो, त्या बाजूच्या पाच-सहा हापूसवाल्या बागायतदारांचे पेट्या बुक करण्याचे काम त्याने ढगात बसवून दिले आहे. मार्चपासून मेपर्यंत तिथे मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांची झुंबड. पुढे फेब्रुवारीपर्यंत ‘हंगाम संपला, लोभ असावा’ एवढी एकच पाटी. या पाटीसाठी त्याच्याकडे एकूण अकरा यंत्रे भाड्याने होती. त्यातली तीन कामाची आणि आठ चाचणीची.

ही आठ यंत्रे त्याच्या भागीदाराने पडद्यावरची बटणे दाबून दाबून उभी केली होती. भागीदार पुढे बंगळूरला मोठ्या नोकरीवर गेला. कोणते यंत्र कशासाठी आहे हे फक्त त्याच्या बोटांना माहीत होते आणि जाताना तो बोटे बरोबर घेऊन गेला. बाहेर पाऊस कोसळत होता, तालुक्यात औषधाला आंबा नव्हता, आणि आठ यंत्रे रात्रंदिवस जागी राहून आंब्याच्या ऑर्डरची वाट पाहत होती. बिल महिन्याला नऊ हजारांच्या घरात. बागायतदारांनी वर्षाचे जे पैसे दिले होते ते गणपतीपर्यंत पुरतील असे दिसेना. पैसे संपले असते तर पुढच्या हंगामात पेट्या बुक करायला जागाच राहिली नसती.

मग एका रात्री बंगळूरला फोन लागला. मी शेजारीच बसलो होतो.

“वर उजवीकडे निळं बटण असेल बघ.”

“निळं नाही रे. नारिंगी आहे.”

“मग त्यांनी बदललं वाटतं. बरं, डावीकडे यादी असेल, तिच्यात खाली खाली जा.”

“कुठपर्यंत?”

“तसं शब्दात नाही सांगता येणार. समोर असतो तर दाखवलं असतं.”

हे शेवटचे वाक्य मी कागदावर लिहून घेतले, कारण माझा सगळा खटला त्यावर उभा आहे. जे काम शब्दांत सांगता येत नाही ते काम कोणाच्या हवाली करता येत नाही, तपासताही येत नाही आणि उद्या पुन्हा तसेच होईल याची खात्रीही देता येत नाही. बँकेत एखादा खातेदार काउंटरवर येऊन म्हणाला, ‘माझ्या खात्यातून त्या ह्याच्या खात्यात ते जरा इकडून तिकडे करा, कसे ते शब्दात सांगता येणार नाही,’ तर आम्ही त्याला पाणी पाजून घरी पाठवतो. तो कितीही मोठा बागायतदार असो, स्लिप भरावी लागते. बटण म्हणजे तोंडी हुकूम. तोंडी हुकमावर बँकेत पंखासुद्धा लावत नाहीत.

त्यातून या पडद्यांची रचना नीट बघा. नवीन यंत्र घ्यायचे बटण मोठे, रंगीत, आल्याबरोबर डोळ्यांत भरेल असे. तेच यंत्र परत द्यायचे बटण एका यादीच्या आत दुसरी यादी, तिच्या तळाशी. मॉलमध्ये आत जायचा दरवाजा रुंद आणि बाहेर पडायची वाट कपड्यांच्या दुकानातून जाते, तसलाच हा प्रकार आहे. नवख्याने आत काय काय आहे ते पाहावे, इतपत पडदा ठीक. लग्नाचा हॉल बघायला आपण जातोच की. पण बुकिंग करताना पावती हवी.

पुतण्याने माझ्यावर एक बाण सोडलाच. “काकानू, बटण दाबला तरी थंय नोंद ऱ्हवता मां. कोणी, कधी, काय केला ता सगळा कळता.”

खरे आहे. कोणी केव्हा काय केले याची वही त्या ढगवाल्यांकडे असते. पण ती वही झाल्यानंतरची. व्हाउचर आधी असते आणि स्क्रोल मागाहून. शाखेत कॅमेरा बसवला आहे, त्यात चोर स्पष्ट दिसतो, म्हणून तिजोरीला कुलूप लावायचे आम्ही बंद केलेले नाही. शिवाय ती वही सांगते की अमुक यंत्र बंद झाले. ते का बंद करायचे होते, आणि तेच करायचे होते की शेजारचे, याचा तिला पत्ता नसतो.

शेवटी पुतण्या काळा पडदा उघडून बसला आणि त्याने चाळीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. मी ती वाचली. मला संगणकाची भाषा येत नाही, पण वाचताना लेजरच्या पानासारखी ओळखीची वाटली. आधी एक हुकूम: ज्या यंत्रांच्या चिठ्ठीवर ‘चाचणी’ लिहिले आहे त्यांची यादी दे. (चिठ्ठीला ते टॅग म्हणतात. आमच्याकडे रोकड मोजून झाल्यावर गठ्ठ्यावर जी पट्टी बांधतात तेच हे.) मग दुसरा हुकूम: त्या यादीतले एकेक यंत्र घे आणि बंद कर. हे सगळे रात्री नऊला आपोआप चालायचे, सकाळी नऊला उलटे, आणि रविवारी उघडायचेच नाही. आमच्या भाषेत याला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतात. आठवड्याचे तास १६८. त्यातले ७२ उरले. यंत्रांचे भाडे निम्म्याहून खाली आले, हे सांगायला बी.कॉम. पुरेसे आहे.

भाडे म्हटले की पोटभाडे आलेच. ढगातले यंत्र बंद केले म्हणजे त्याचे भाडे थांबते, पण त्याच्या डिस्कचे थांबत नाही. तुम्ही गावी गेलात तरी कपाट खोलीत आहे ना, मग कपाटाचे द्या. आणि पत्त्याचेही! यंत्राला बाहेरच्या जगात एक आकडी पत्ता लागतो. अ‍ॅमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावला, मग तो पत्ता वापरा की पडून राहू द्या. तीस दिवसांचे ७२० तास, म्हणजे दरमहा तीन डॉलर साठ सेंट. नुसत्या पत्त्याचे! आमच्या गावात पोस्टमन मागची पन्नास वर्षे पत्ता नसलेली पत्रेसुद्धा फुकट पोचवतो आहे. ही पोटभाडी बटणांच्या पडद्यावर सात ठिकाणी विखुरलेली असतात. स्क्रिप्टला ‘सगळ्या डिस्का दाखव, ज्यांना यंत्र नाही त्या वेगळ्या काढ’ असे विचारले की एका मिनिटात बेवारस मालाची यादी हातात येते.

इथपर्यंत पुतण्या माझ्यावर बेहद्द खूश होता. काका आपल्या बाजूचे आहेत, अशी त्याची समजूत झाली. आता त्याच्या बाजूचे भांडण.

स्क्रिप्टवाल्यांचा एक फार मोठा गैरसमज असा की हुकूम लिहिला म्हणजे तो बरोबर असतो. लिहिणारा तोच, तपासणारा तोच, चालवणारा तोच, आणि ‘छान झाले’ म्हणून पाठ थोपटणाराही तोच. बँकेत असल्या माणसाला एकतर मालक म्हणतात किंवा आरोपी. तिजोरीच्या चाव्या आमच्याकडे दोन माणसांकडे असतात. एकाची आई आजारी असली तरी दुसऱ्याला ती उघडता येत नाही. आता संगणकावरसुद्धा एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने पास करायची, याला मेकर आणि चेकर म्हणतात. यात मेकरवर अविश्वास नसतो. मेकर संध्याकाळी पाच वाजता दमलेला असतो, एवढेच बँकेने गृहीत धरलेले असते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये बँकांनी संगणकाचे काम बाहेर देण्याबद्दल निर्देश काढले, त्यांत क्लाउडसाठी वेगळे परिशिष्टच जोडले. बँका ढगात गेल्या तरी हिशेब विचारणारा जमिनीवर असावा, एवढी काळजी तिने घेतली आहे.

आणि चेक. चेकवर रक्कम अक्षरी लिहिताना शेवटी आपण एक शब्द लिहितो: फक्त. पाच हजार रुपये फक्त. पुढची रिकामी जागा रेघ मारून बंद. शाळेतून नुकता बाहेर पडलेला मुलगा मला काउंटरवर विचारतो, ‘फक्त कशाला? पाच हजार म्हणजे पाच हजारच ना?’ नाही बाळा. पाच हजार म्हणजे पाच हजार, आणि त्याच्यापुढे जागा आहे तोवर आणखी काहीही. फक्त लिहिले की दार बंद. या साऱ्या स्क्रिप्टशास्त्रात मला कमी वाटतो तो हा एक शब्द.

पुरावा हवा? २८ फेब्रुवारी २०१७. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या अ‍ॅमेझॉनच्या ढगात, जिथे अर्ध्या जगाच्या फायली ठेवलेल्या असतात, तिथे बिलाचे काम हळू चालले होते. (बिल हळू चालले म्हणून एवढी घाई करणारी कंपनी धन्य होय. आमच्या ओळखीच्या सगळ्या कंपन्या बिल देताना हळू चालतात.) म्हणून तिथल्या एका जाणत्या माणसाने नेहमीचा ठरलेला हुकूम टंकला: अमुक थोडे सर्व्हर काढून घे. त्यात एक शब्द चुकला. थोड्यांच्या जागी पुष्कळ निघाले, आणि नेमके असे निघाले की ज्यांच्यावर बाकीच्यांचा डोलारा होता. चार-एक तास अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइटी आडव्या. गंमत पुढेच आहे. ‘आमची सेवा बंद आहे’ असे सांगणारा अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा फलकसुद्धा त्याच ढगाच्या आधारावर चालत असल्यामुळे तो बदलता येईना. आमच्या शाखेत ‘आज रोकड नाही’ ही पाटी तिजोरीत ठेवलेली असावी, तसे झाले. नंतर अ‍ॅमेझॉनने प्रांजळपणे सगळे लिहून प्रसिद्ध केले आणि आपल्या हत्यारात सुधारणा केली: सर्व्हर सावकाश काढायचे, आणि अमुक संख्येच्या खाली जाईल इतके काढायला सांगितले तर ऐकायचेच नाही. म्हणजे काय केले? हुकमाच्या शेवटी फक्त लिहिले.

त्याच्या आदल्याच महिन्यात, ३१ जानेवारीला, गिटलॅब नावाच्या कंपनीत रात्री उशिरा एकाला एका यंत्रावरचा जुना माल पुसायचा होता. दोन यंत्रे, दोघांची नावे सारखी, शेवटी एक आणि दोन एवढाच फरक. आमच्या गावात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे चार खातेदार आहेत, त्यामुळे या माणसाबद्दल मला अपार माया वाटते. तो दोनवर आहे असे समजून एकवर होता. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन त्याने हात आवरला, तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार शिल्लक होते. मग राखीव प्रतींकडे धाव. पाच तऱ्हेच्या राखीव व्यवस्था होत्या, ऐन वेळी एकही कामाला येईना. सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने काढून ठेवलेली एक प्रत सापडली म्हणून कंपनी वाचली. रात्री उशिरा, एकट्याने, पुसण्याचा हुकूम! आमच्याकडे रात्री उशिरा एकट्याने साधा ड्राफ्ट रद्द करायला देत नाहीत.

पण सगळ्यांत माझ्या जवळचे प्रकरण मे २०२४ मधले. ऑस्ट्रेलियात युनिसुपर नावाचा निवृत्तिवेतनाचा फंड आहे. सहा लाखांवर सभासद आणि सव्वाशे अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास पैसा. त्याचा संसार गूगलच्या ढगात होता. एक दिवस तो संसारच नाहीसा झाला, आणि सभासदांना आठवडाभर आपले खाते दिसेना. शोध घेता कळले की एक वर्षापूर्वी गूगलमधल्याच कोणीतरी ही जागा उभी करताना आतल्या एका हत्याराला हुकूम दिला आणि त्यात एक रकाना रिकामा सोडला. हत्याराने रिकाम्या रकान्याचा अर्थ असा लावला की मुदत एक वर्ष. वर्ष भरले, जागा आपोआप साफ. आधी नोटीसही गेली नाही, कारण गिऱ्हाइकाने बंद करायला सांगितले असते तर नोटीस गेली असती. इथे रिकाम्या जागेने सांगितले होते. दुसरीकडे प्रती होत्या म्हणून सगळे परत उभे राहिले. आता मला सांगा, आम्ही फॉर्ममधला एकेक रकाना भरायला लावतो, ‘लागू नाही’ असे तरी लिहा म्हणून पेन परत हातात देतो, तेव्हा मागची रांग आम्हाला कसल्या नजरेने बघते? रिकाम्या जागेचा अर्थ कोणीतरी लावतोच, आणि तो कधीच आपल्या सोयीचा नसतो. म्हणून आम्ही रेघ मारतो.

हे सगळे पुतण्याला सांगितल्यावर तो म्हणाला, “काकानू, ती लय मोठी लोका. आमचो आंब्याचो धंदो.”

मी म्हटले, “बरे. तुझी दुसरी स्क्रिप्ट दाखव.”

दुसरी स्क्रिप्ट हंगाम संपल्यावर पेट्यांचे जुने फोटो पुसायची होती. तिच्यात एक ओळ होती, तिचा मराठी अर्थ असा: ‘अमुक फडताळातले सगळे काढून टाक.’ फडताळाचे नाव दुसऱ्या एका फायलीतून यायचे. मी विचारले, ती फाईल नसली तर? नाव रिकामे राहिले तर? पुतण्या गप्प. कारण नाव रिकामे राहिले तर वाक्य उरते: ‘सगळे काढून टाक.’ यंत्र बिचारे आज्ञाधारक. ते मुळापासून सुरुवात करील, आणि फोटो, ऑर्डरी, बागायतदारांचे हिशेब सगळे घेऊन जाईल. कोकणात एवढी आज्ञाधारक वस्तू दुसरी नसल्यामुळे आपल्याला तिच्याशी वागायची सवय नाही.

यावर उपाय त्यांच्याच भाषेत आहे, आणि तो फार जुना आहे. बॅश नावाच्या त्या भाषेत नावाभोवती महिरपी कंस करून, नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि एक प्रश्नचिन्ह घातले की नाव रिकामे असल्यास हुकूम जागच्या जागी थांबतो. दोन टिंबे, एक प्रश्नचिन्ह! चेकवरची रेघसुद्धा याच्यापेक्षा लांब असते. पण ते घालायचे कोणी आणि घातले आहे की नाही हे बघायचे कोणी? म्हणून म्हणतो, दुसरी सही.

“मी एकटोच आसंय. दुसरी सही खंयसून हाडू?”

“अरे झिला, संध्याकाळी लिही आणि सकाळी चालव. रात्रीचा तू मेकर, सकाळचा तू चेकर. नाहीतर मी आहेच.”

“तुमी तुमचा व्हावचर काय सोडूचे नाय.”

नाहीच सोडणार. आणखीही सांगतो. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड आणि किल्ल्या लिहून ठेवणारे महाभाग पुष्कळ आहेत. ते तिजोरीला कुलूप लावतात आणि चावी हँडललाच अडकवतात. यंत्र नवे घेण्याचा हुकूम दोनदा चालला तर दोन यंत्रे येतात आणि दोघांचे भाडे लागते, म्हणून एकदा चाललेल्या हुकमावर ‘पोस्टेड’ शिक्का हवा. ‘आधी नुसते करून दाखव, खरे करू नको’ असे सांगायची एक सोय असते, तिला ड्राय-रन म्हणतात. ती वापरावी, पण तिच्यावर विसंबू नये. अ‍ॅमेझॉनच्या यंत्रांबाबत ती फक्त एवढेच सांगते की तुम्हाला हे करायचा अधिकार आहे की नाही. करावे की नाही, हे सांगत नाही. बरे, अधिकार असला तर ते कळवते कसे? ‘चूक झाली: हा हुकूम यशस्वी झाला असता.’ अशा मजकुराचे पत्र मी आमच्या विभागीय कार्यालयाकडून आलेले पाहिले आहे, त्यामुळे मला धक्का बसला नाही.

आता तिसरी एक जमात निघाली आहे. ती म्हणते, बटण नको आणि स्क्रिप्टही नको. आता एआयला नुसते तोंडाने सांगायचे, तोच स्क्रिप्ट लिहितो आणि तोच चालवतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट नावाच्या कंपनीच्या अशाच एका एआय मदतनिसाने, कशालाही हात लावू नकोस असे बजावलेले असताना, एका गिऱ्हाइकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. म्हणजे फिरून फिरून आपण तोंडी हुकमावरच आलो. या मदतनिसाला नोकरीवर ठेवायला माझी हरकत नाही. त्याने भराभर लिहावे, मीही वाचीन, पुतण्याही वाचील. पण पास करण्याची सही त्याच्याकडे देऊ नये. नवीन लागलेल्या माणसाला आम्ही पहिली दोन वर्षे पासिंगला बसवत नाही, मग तो कितीही चुरूचुरू बोलणारा असो.

सध्याची व्यवस्था अशी आहे. पुतण्याच्या दोन्ही स्क्रिप्टच्या डोक्यावर तारीख, लिहिणाऱ्याचे नाव आणि वाचणाऱ्याचे नाव असते. एकापेक्षा जास्त यंत्रे काढून टाकायचा हुकूम असेल, तर स्क्रिप्ट आधी आकडा दाखवते आणि थांबते. तो आकडा अक्षरी टंकून पुढे ‘फक्त’ लिहिल्याशिवाय ती हलत नाही. हा शेवटचा शब्द पुतण्याने माझी चेष्टा म्हणून घातला होता. ऑगस्टमध्ये पाच चाचणी यंत्रे कायमची काढायची होती. त्याने हुकूम चालवला आणि पडद्यावर आकडा आला आठ. तीन कामाच्या यंत्रांनाही भागीदाराने ‘चाचणी’ हीच चिठ्ठी लावून ठेवली होती, आणि चाचणीची तीन कोणत्याच चिठ्ठीशिवाय होती. पाच फक्त असे टंकायला गेलेला हात आठ पाहून थांबला. त्या तीन यंत्रांवर पुढच्या हंगामाची सगळी नावे आणि पत्ते होते. तेव्हापासून चेष्टा बंद आहे.

चिठ्ठ्या आता नव्याने लावल्या आहेत. पाच यंत्रे गेली, सहा राहिली, बिल अडीच हजारांवर आले. बेवारस डिस्का चार निघाल्या, त्यांच्या प्रती घेऊन त्या सोडून दिल्या. एक आकडी पत्ता मात्र कोणत्याच यंत्राला जोडलेला नाही आणि तो कशासाठी घेतला होता हे कुठेच लिहिलेले नाही. बंगळूरला विचारले आहे. तो म्हणतो, आठवत नाही, पण काहीतरी महत्त्वाचे होते. तोवर दरमहा तीन डॉलर साठ सेंट, फक्त.